हातचा

फॉल रिव्हरला आमचा वर्ग रात्री साडेसहाला भरतो,
बंद पडलेल्या सूतगिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर.
लाकडी जमिनीत अजून मागांच्या बोल्टांची भोकं आहेत.
पेन्सिल पडली की गडगडत नेमकी तिथंच जाऊन बसते.

ब्रॉडरिक बाई तेवीस वर्षं करखात्यात होत्या.
म्हणतात, खोटं लिहिणारा माणूस एकाला घाबरतो.
तोच अंक लागोपाठ मांडायला त्याचा हात धजत नाही.
खऱ्या खर्चात बघा,
शंभरातले तीस आकडे एकानं सुरू होतात,
नऊ बिचारा ताटकळत मागे.

दिवसा मी दातांच्या दवाखान्यात बिलं करते.
बसमध्ये वाचते: बनावट पुरवठादार, दोन चोपड्या,
रजाच न घेणारा कारकून.
हल्ली किराण्याची पावतीसुद्धा
मला सरळ वाचता येत नाही.

सत्राचं काम होतं,
एखाद्या लहान संस्थेची पाच वर्षं तपासा.
मी आमच्या आझोरियन मंडळाच्या वह्या मागून आणल्या.
पवित्र आत्म्याचा सण, सूप, गोड पाव,
हॉलच्या बॉयलरचं तेल.
खजिनदार सेन्योर वेनान्सियू,
प्रत्येक सातला आडवी दांडी.

खर्च चोख.
पाणी मुरत होतं ते जमेत.
८४.५०, ६७.२५, ९३.७५, ५८.५०.
पानामागून पान, एकानं सुरू होणारा आकडाच नाही.
आणि देणगीदारांत माझ्या आईची मावशी, देओलिंदा,
जी मार्चमध्ये गेली
आणि जूनमध्ये साठ डॉलर देऊन गेली.

टेबलाचा दिवा आडवा केला.
कागदावर तिरका उजेड पडला की खोडलेलंही दिसतं,
हे बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं होतं.
खऱ्या पानांवर रकान्याच्या डोक्यावर
पेन्सिलीचे बारीक वळ होते:
हातचे. दोन, एक, तीन.
लिहिलेले, मिळवलेले, मग खोडलेले.
देणग्यांच्या पानांवर वळच नव्हते.
तिथं बेरीज आधी ठरली होती,
आकडे मागून आले होते.

मला वाटलं, सापडला.
खोटं का बोलू, आनंद झाला.
परीक्षेत उत्तर जुळल्यासारखा.

मग बँकेच्या स्लिपा लावल्या.
रोख भरणा, दर महिन्याच्या तीन तारखेला.
तीनला गिरणीची पेन्शन येते,
माझ्या आजोबांचीही यायची.
मेलेल्या एकोणतीस माणसांनी
एकाच माणसाच्या पेन्शनीतून
पाच वर्षांत अकरा हजार चारशे सहा डॉलर दिले होते.
एवढीच तूट होती.
एवढंच तेल.

हॉलच्या स्वयंपाकघरात तो बटाटे सोलत होता.
मी वही उघडून ठेवली. त्यानं चष्मा शोधला नाही.
"माझ्याकडून घेतले नसते," म्हणाला,
"आणि पाटी लावली असती दारावर, विकणे आहे.
मेलेल्यांना कोणी परत पाठवत नाही."
मग विचारलं, "इल्दा, किती वर्षांची शिक्षा?"
आणि बटाट्याचा डोळा कोरून काढला.

ब्रॉडरिक बाई म्हणाल्या,
खोटी नोंद ती खोटी नोंद.
हेतूचा परिच्छेद वेगळा, तोही लिही.
मी दोन्ही लिहिलं. नावं बदलली.
"नुकसान कोणाचं" या प्रश्नाखाली
अर्धा तास काही सुचलं नाही.
"लाभ कोणाला" खाली सुचलं:
नऊ वर्षांची मी,
तिथल्या मिरवणुकीत मखमली झग्यात,
गरम हॉलमध्ये, गरम सूप.
ते लिहिलं नाही.
अहवालात स्वतःला आणायचं नसतं.

वह्या परत द्यायला गेले, तेव्हा तो नव्या महिन्याची बेरीज करत होता.
आठ आणि सात पंधरा.
पाच खाली, एक वर, अगदी बारीक,
पुढच्या रकान्याच्या डोक्यावर.
मग तो एक त्यानं मिळवून घेतला,
खोडरबर फिरवलं,
आणि फुंकर मारून
चुरा टेबलावरून उडवून दिला.